कॅमेरा घेण्यापूर्वी भिंगाचा विचार

घरात चार पैसे शिल्लक पडले, मुलगा नोकरीस लागला किंवा एखादे लग्नकार्य ठरले, की एक चांगला कॅमेरा घ्यावा असा विचार कुटुंबात पुढे येतो. विचार वाईट नाही. परंतु दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकताच खरी अडचण सुरू होते. विक्रेता मेगापिक्सलचे आकडे सांगतो, शेजारी उभा असलेला गृहस्थ आपल्या भाच्याच्या कॅमेऱ्याची थोरवी गातो, आणि कित्येक महिन्यांची शिल्लक घटकाभरात खर्च होते. पुढे तो कॅमेरा कपाटात पडून राहतो; कारण तो जड असतो, किंवा घरातल्या दिव्याच्या उजेडात त्याने घेतलेली छायाचित्रे धूसर येतात. ही फसगत टाळावी एवढ्याच हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचे सांगणे एका वाक्यात असे आहे: कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न शेवटचा आहे. कशाचे छायाचित्र घ्यायचे, किती अंतरावरून आणि किती उजेडात, हे तीन प्रश्न आधीचे होत. त्यांच्या उत्तरांवरून भिंग, म्हणजे लेन्स, ठरते. आणि भिंगावरून कॅमेरा ठरतो.

आता सांप्रत बोलबाला असलेला मिररलेस कॅमेरा म्हणजे काय, ते पाहू. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक तिरपा आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवी आणि तेच दृश्य आपल्याला नेत्रकातून दिसे. बटण दाबताच आरसा खटकन वर उचलला जाई. या आरशासाठी भिंग व फिल्म यांच्यामध्ये बरीच जागा सोडावी लागे. निकॉनच्या जुन्या पद्धतीत हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. त्याच कंपनीच्या नव्या मिररलेस पद्धतीत ते अवघे १६ मिलिमीटर आहे. आरसा काढून टाकला आणि दृश्य छोट्या विद्युत पडद्यावर दाखविले, की कॅमेरा पातळ व हलका होतो. पॅनासॉनिक कंपनीने २००८ साली आपला जी१ हा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हापासून ही पद्धत रूढ होत गेली. हिचा एक मोठा लाभ असा, की छायाचित्र उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते. तोटा असा, की पडदा सतत चालू राहिल्याने बॅटरी लवकर संपते. म्हणून दुसरी बॅटरी खिशात असावी.

मात्र येथे एक गोम आहे. आरसा गेल्याने कॅमेरा लहान झाला, तरी भिंग त्या प्रमाणात लहान होत नाही. भिंगाचा आकार बव्हंशी सेन्सरच्या आकारावर अवलंबून असतो. सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसविलेली, प्रकाश टिपणारी पट्टी. ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. ‘एपीएस-सी’ साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, आणि ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. सेन्सर मोठा असला, की अंधुक उजेडात चित्र अधिक स्वच्छ येते हे खरे. पण त्यासाठी लागणारी भिंगे जड व महाग असतात. म्हणून कॅमेऱ्याचे वजन एकट्याने न पाहता भिंगासह पाहावे. वरवधूंची पत्रिका जशी एकत्र मांडून पाहतात, तसाच हा प्रकार आहे.

हे सारे उदाहरणाने समजावे म्हणून आम्ही भोपाळ शहर निवडले आहे. तेथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. शिवाय छायाचित्रकाराची परीक्षा घेणारी नाना प्रकारची स्थळे त्या शहरात व त्याच्या पन्नास किलोमीटरच्या आत एकवटली आहेत. छायाचित्रणाची तेथील परंपराही जुनी आहे. १८६२ साली जेम्स वॉटरहाउस या तरुण लष्करी अधिकाऱ्याने भोपाळच्या सिकंदर बेगम यांची छायाचित्रे घेतली. पुढे इंदूरहून आपल्या कलेस आरंभ करणाऱ्या लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली. ती १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वॉटरहाउसच्या काळी काचेच्या पट्टीवर रसायन लावून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व लगेच धुवावे लागे. काचा, बाटल्या, तंबू यांचे ओझे वाहून नेण्यास पर्याय नव्हता. आज पर्याय आहे. तेव्हा विनाकारण ओझे वाहणे शहाणपणाचे नव्हे.

पहिले स्थळ सांची. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर उघड्या टेकडीवर मोठा स्तूप व त्याची कोरीव तोरणे उभी आहेत. ऊन भरपूर, जागा मोकळी, आणि हवे तितके जवळ किंवा दूर जाता येते. येथे कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे झूम भिंग पुरेसे होते. रुंद टोकाने स्तूप संपूर्ण मावतो, लांब टोकाने तोरणावरील शिल्पे टिपता येतात. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन असताना जावे, म्हणजे कोरीव काम उठून दिसते. महाग भिंगाने जे साधत नाही, ते वेळ साधल्याने साधते.

दुसरे स्थळ भीमबेटका. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना या शैलाश्रयांचा शोध लागला. आगगाडीतून जाताना त्यांना हे खडक दिसले आणि ते तेथे पोहोचले. त्यांनी तेथील प्राचीन चित्रांच्या नकला हाताने काढून त्यांचा अभ्यास केला. २००३ साली या स्थळाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. येथे चित्रे खडकाच्या सावलीत आहेत आणि समोर लख्ख ऊन. फ्लॅशचा झोत टाकू नये. सावलीतील मंद उजेडातच रंग खरे दिसतात. अशा जागी हाताचा कंप सावरणारी यंत्रणा उपयोगी पडते. ती काही कॅमेऱ्यांच्या शरीरात असते, काहींच्या केवळ भिंगात. आपल्या जोडीत ती कोठे आहे, किंवा आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

तिसरे स्थळ मोठा तलाव आणि त्याच्या काठचे वनविहार राष्ट्रीय उद्यान. येथे अंतर हीच अडचण. हिशेब सोपा आहे: सेन्सरची रुंदी भागिले भिंगाची लांबी, गुणिले अंतर. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरचे भिंग लावले आणि हरीण ५० मीटरवर असले, तर चौकटीत ४.७ मीटर रुंदी मावते. म्हणजे दीड मीटर लांबीचे हरीण चित्राचा तिसरा भाग व्यापते; हे ठीक आहे. पण सारस पक्षी पाण्यापलीकडे १०० मीटरवर असेल, तर माणसाएवढा उंच तो पक्षी चौकटीच्या जेमतेम पाव उंचीचा दिसेल. पक्ष्यांचे वेड असेल, तर याहून लांब भिंग हवे आणि त्याचे वजन व किंमत सोसण्याची तयारी हवी. वेड नसेल, तर वर्षातून एकदा दिसणाऱ्या सारसासाठी घरची शिल्लक मोडू नये.

चौथे स्थळ आपल्याच घराची खोली. आमच्या मते खरी कसोटी येथेच लागते, मग घर भोपाळात असो वा आपल्या गावी. साखरपुडा, बाळाचा स्नानसंस्कार, आजीचा वाढदिवस हे प्रसंग छपराखाली आणि बहुधा दिव्याच्या उजेडात होतात. भिंगावर ‘एफ’ या अक्षरापुढे जो आकडा असतो, तो जितका लहान तितका प्रकाश आत अधिक येतो. साध्या झूम भिंगाचा आकडा रुंद टोकास बहुधा ३.५ असतो व लांब टोकास ५.६ किंवा त्याहून मोठा होतो. याउलट १.८ आकड्याचे झूम नसलेले छोटे भिंग, ३.५ च्या मानाने जवळजवळ चौपट आणि ५.६ च्या मानाने नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. मंदिरात विधी चालू असता फ्लॅशचा लखलखाट करून सर्वांचे लक्ष विचलित करण्याचीही मग गरज उरत नाही.

येथेही अंतराचा हिशेब करावा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरचे भिंग लावून तीन मीटरवरून चित्र घेतले, तर दोन मीटर रुंदी मावते. म्हणजे तीन-चार माणसे. लहान खोलीत एकत्र कुटुंब बसवायचे, तर २३ किंवा २४ मिलिमीटरचे भिंग बरे. त्यात तीन मीटर मावतात. मायक्रो फोर थर्ड्‌स कॅमेऱ्यावर हेच काम १७ मिलिमीटरचे भिंग करते.

आता प्रत्यक्ष जोडी पाहू. ऑलिंपसचा ई-एम१० मार्क ४ हा २०२० साली आलेला कॅमेरा बॅटरीसह ३८३ ग्रॅमचा आहे आणि कंप सावरणारी यंत्रणा त्याच्या शरीरातच आहे. त्यास १४-४२ मिलिमीटरचे घडीचे झूम ९३ ग्रॅम, १७ मिलिमीटर एफ १.८ चे भिंग १२० ग्रॅम, आणि ४०-१५० मिलिमीटरचे लांब झूम १९० ग्रॅम. सर्व मिळून ७८६ ग्रॅम होतात. निकॉनचा डी८५० हा आरशाचा कॅमेरा भिंगाविनाच एक किलोहून किंचित अधिक भरतो, यावरून तुलना करावी. एपीएस-सी हवा असल्यास कॅननचा २०२३ साली आलेला आर५० हा ३७५ ग्रॅमचा असून त्याचे १८-४५ मिलिमीटरचे झूम १३० ग्रॅमचे आहे. मात्र त्याच्या शरीरात कंप सावरणारी यंत्रणा नाही. सोनी व फुजिफिल्म यांच्याकडे याच मापाची हलकी भिंगे विपुल आहेत. सोनीचे ३५ मिलिमीटर एफ १.८ चे भिंग १५४ ग्रॅमचे आहे. सामान्य कुटुंबास आमची शिफारस अशी: एक हलका कॅमेरा, एक घडीचे झूम आणि एक अधिक प्रकाश घेणारे छोटे भिंग. लांब भिंग पुढे पाहावे, अथवा प्रसंगी भाड्याने आणावे.

आणखी एक सावधगिरी. बहुतेक कंपन्यांच्या भिंगांची खाच निराळी असते. एकीचे भिंग दुसरीच्या कॅमेऱ्यास बहुधा सरळ बसत नाही. कॅमेरा सात-आठ वर्षांत जुना होतो, भिंग मात्र वीस वर्षे साथ देते. म्हणून ज्या घराण्यात आपण भिंगे घेतो, ते घराणे टिकणारे हवे. निकॉनची ‘वन’ ही मालिका २०१८ साली बंद झाली. कॅननची ‘एम’ मालिका २०२३ साली संपली. अशी भिंगे जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. पण त्यांना पुढे नवा कॅमेरा मिळत नाही. ऑलिंपसचा कॅमेरा-व्यवसाय २०२१ च्या जानेवारीत ओएम डिजिटल सोल्युशन्स या नव्या कंपनीकडे गेला, परंतु ती खाच चालू राहिली. अशा गोष्टी दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही.

खरेदी करताना कॅमेरा भिंगासह हातात धरून, गळ्यात अडकवून पाहावा. पक्के बिल व भारतात चालणारी हमी घ्यावी. जुने भिंग घेत असल्यास ते दिव्यासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते तपासावे. भोपाळात पावसाळ्यात ओल असते. आपल्या किनाऱ्यावर तर त्याहून अधिक. चामडी पिशवीत कोंडून ठेवलेल्या भिंगास बुरशी लवकर धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ते ठेवावे आणि अधूनमधून वापरावे.

कोणी म्हणेल, मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? भरपूर उजेड असेल आणि चित्र मोबाईलवरच पाहायचे असेल, तर मोबाईल पुरेसा आहे. नव्या खर्चाची गरज नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पण मंद उजेडातील चेहरे, अंगणात धावती मुले, किंवा भिंतीवर लावण्याजोगे मोठे चित्र हवे असेल, तर वरील जोडी आपले मोल भरून देते.

भोपाळचे नाव घेतले म्हणजे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती विषारी वायूची रात्र आठवल्यावाचून राहत नाही. मातीत पुरल्या जाणाऱ्या अनाम बालकाचे छायाचित्र रघु राय यांनी काळ्यापांढऱ्यात आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत घेतले. बार्थोलोम्यू यांच्या चित्रास त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ हा सन्मान मिळाला. ती चित्रे जगाने पाहिली. पण त्याच शहरात २०१४ साली ‘रिमेम्बर भोपाळ’ नावाचे संग्रहालय उघडले, आणि त्यात पीडित कुटुंबांनी आपल्या मृतांच्या वस्तू व घरगुती छायाचित्रे दिली. कोणी नामांकित नसलेल्या माणसांनी, साध्या दिवशी घेतलेली ही चित्रे! माणूस गेल्यावर घरच्यांच्या हाती एवढेच उरते.

तेव्हा वाचकहो, कॅमेरा निवडताना ही गोष्ट ध्यानात धरावी. जो कॅमेरा जड म्हणून घरीच राहतो, तो कितीही उत्तम असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. जो हलका म्हणून सहज हाती येतो आणि ज्याचे भिंग संध्याकाळच्या दिव्यातही आईचा चेहरा स्पष्ट टिपते, तोच आपला. अंथरूण पाहून पाय पसरावेत. आणि उरलेल्या पैशांतून दरवर्षी निदान बारा चित्रे कागदावर छापून, मागे नाव, गाव व तारीख लिहून ठेवावीत. यंत्र पुढे जुने होईल. ती बारा चित्रे मात्र नातवंडांच्या हाती पडतील.