पॅटर्न तोंडी, नवोपक्रम कागदी

‘नवोपक्रम’ हा शब्द लातूर-नांदेडकडं कुणाला पक्का पाठ असेल, तर जिल्हा परिषदेच्या गुरुजींना. त्याची राज्यस्तरीय स्पर्धा असते, अहवाल लिहावा लागतो, फोटो जोडावे लागतात. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं विद्यापीठांतही त्यासाठी वेगळं मंडळ आणलं. अर्थ सरळ आहे: नव्यानं हाती घेतलेलं काम. पण मोंढ्यात किंवा टपरीवर हा शब्द कुणाच्या तोंडी सहसा येत नाही. तिथं दोन शब्द चालतात, जुगाड आणि पॅटर्न.

या दोहोंत लोक फरक करतात, आणि नेमका करतात. स्टार्टर जळाला, मिस्त्री येईस्तोवर मोटार डायरेक्ट करून पिकाला पाणी दिलं, हे जुगाड. ‘पैशाचं काही जुगाड झालं का?’ या प्रश्नात तर नवं काहीच नसतं, नुसती सोय. अडचण सरली की जुगाडही सरलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली: १० वाघिणी, ५ लाख लिटर. तिचं नाव ‘जलदूत’, पण माझ्या मते जात जुगाडाचीच. ती दरसाल यावी असं कोण म्हणेल?

पॅटर्न मात्र उचलून दुसरीकडं नेता येतो. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असताना जो घडत गेला, त्यात जादू नव्हती. जादा तास, सुट्टीतले वर्ग, सराव परीक्षा. पेपर तपासून चूक दाखवायची आणि पुन्हा सोडवून घ्यायचं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं दिसू लागली तसं त्याला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव चिकटलं. पुढं १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा पहिले कुलगुरू वाघमारेच. आज दोन्ही शहरांतले नीटचे क्लास सरावाच्या त्याच वाटेनं चालतात.

गंमत अशी की पॅटर्न म्हणजे मुळात साचा, ठरीव नमुना. नवेपणासाठी आपण शब्द उचलला तो गिरवण्याचा! आणि लातूरचं यश गिरवण्यातच होतं, म्हणून तो शोभलाही.

आता मात्र पोरांनी तो उलटा केलाय. ‘त्याचा पॅटर्नच वेगळाय’ म्हणजे गडी कुठल्याच साच्यात बसत नाही. हे कौतुक की टोमणा, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं.