हेल सांगतो गाव

● कान कधी घडतो? मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की इंग्रजीभाषक घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईपर्यंत त्यांचा हा कान बोथट होतो.

● गावाची खूण कोणती? वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो. मालवणीत 'मला'चं 'माका' होतं. कोल्हापूरकडच्या अनेक बायका 'मी येतो' म्हणतात.

● नक्कल कुठे फसते? शब्द उचलता येतात, हेल सहज उचलता येत नाही. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकातली मालवणी अभिनेते मच्छिंद्र कांबळींच्या तोंडी अस्सल वाटली, कारण ती त्यांच्या घरचीच होती.

● हेल हरवतो कसा? 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो. ते आधी गप्प बसतं, मग जपून 'पाणी' म्हणू लागतं. पुढे घरी आजीशी बोलतानाही तेच तोंडात बसतं.

प्रमाणभाषा जरूर शिकवा, पण 'पानी' अशुद्ध नाही, हेही मुलांना सांगा. गावी फोन लावाल, तेव्हा आपल्याच हेलात बोला आणि मुलांना तो ऐकू द्या.