वाचताना अडतं कुठे?

२०१६ साली स्वीडनच्या व्हिक्टर विडेल या प्रोग्रामरने एक वेबपेज तयार केलं. डिस्लेक्सिया असलेल्या मैत्रिणीने वाचनाचा आपला अनुभव सांगितला, तो त्याने पडद्यावर आणला. तिथे प्रत्येक शब्दाच्या मधली अक्षरं सतत जागा बदलत राहतात. पान जगभर फिरलं आणि ‘डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं नाचणं’ हा समज आणखी घट्ट झाला. तिचा अनुभव खराच. पण बहुतेकांची मुख्य अडचण डोळ्यांत नसते. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही.

डिस्लेक्सियाचा अनुभव देणारा खेळ रचायचा तर तो याच सांगडीवर रचावा. अस्खलित मराठी बोलणाऱ्या खेळाडूला नवीच लिपी द्यायची. त्यातली काही चिन्हं घ-ध, भ-म यांच्यासारखी चटकन गोंधळात टाकणारी. चिन्हं आणि त्यांचे ध्वनी यांचा तक्ता अर्धा मिनिट दाखवून काढून घ्यायचा आणि त्या लिपीतली ओळ समोर ठेवायची: ‘आजीने तव्यावर भाकरी टाकली’. खेळाडू एकेक चिन्ह लावत ‘भाकरी’पर्यंत पोचतो, तोवर ‘आजीने’ डोक्यातून निसटलेलं असतं. मग तीच ओळ कुणीतरी वाचून दाखवायची. अर्थ क्षणात कळतो. माझ्या मते खेळाचा जीव इथे आहे: समज शाबूत आहे आणि अडलंय ते फक्त वाचन, हे खेळाडूला स्वतःलाच जाणवतं.

मोजायचा मात्र वेळ. उच्चाराप्रमाणे लिहिल्या जाणाऱ्या भाषांत डिस्लेक्सिया असलेली मुलं इंग्रजीच्या मानाने चुका कमी करतात, पण फार सावकाश वाचतात. त्यामुळे ती सहज नजरेतून सुटतात.

वर्गातला धाकही खेळात हवा. अमेरिकेतले विशेष शिक्षक रिचर्ड लवॉय यांची १९८९ची ‘फॅट सिटी’ कार्यशाळा चित्रफितीवर पाहायला मिळते. शिक्षक-पालकांना विद्यार्थी करून ते स्वतः कडक मास्तर होतात. प्रश्नांचा भडिमार, विचार करायला उसंत नाही, वर बोलणी. शिकलेसवरलेले लोक बघता बघता गोंधळून गप्प होतात.

शेवटच्या फेरीत लिपी तीच, उतारा तितकाच अवघड, पण वेळ जास्त आणि प्रश्न वाचून दाखवायला माणूस. आता उत्तरं येऊ लागतात. आपलं राज्य मंडळ दहावीला अशा मुलांना जादा वेळ देतं, लेखनिक देतं. त्याला ‘फुकटची सवलत’ म्हणणाऱ्यांना हा खेळ सर्वांत आधी खेळायला द्यावा.