प्रश्न टाळण्याची किंमत

२००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या, पुढच्या वर्षी 'आयबीएन लोकमत' आली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत चर्चांचे तास वाढत गेले. उत्तरं मात्र वाढली नाहीत. पाण्याबद्दल विचारलं की विरोधकांच्या काळाची आठवण काढायची, आकडा मागितला की योजनेचं नाव सांगायचं, आणि उपप्रश्न येण्याआधी शेजारच्या प्रवक्त्यावर तुटून पडायचं, ही रीत आता सर्वांच्या ओळखीची आहे. याचं खापर आपण पुढाऱ्यांच्या चतुराईवर फोडतो. मला ते अपुरं वाटतं. उत्तर टाळून काहीच गमवावं लागत नाही, म्हणून ते टाळलं जातं. ऑक्टोबर २००७ मध्ये करण थापर यांची मुलाखत काही मिनिटांत सोडून नरेंद्र मोदी उठले. डिसेंबरात त्यांनी गुजरात जिंकला. २००९ मध्ये लालकृष्ण अडवाणींनी दिलेलं दूरचित्रवाणीवरच्या वादाचं आव्हान मनमोहन सिंग यांनी स्वीकारलं नाही. सत्ता त्यांच्याच आघाडीकडे राहिली. अमेरिकेतही १९६०च्या वादाचा फटका बसलेले निक्सन १९६८ आणि १९७२ मध्ये वादाला उभेच राहिले नाहीत, आणि दोन्ही वेळा जिंकले. पक्ष कोणताही असो, देश कोणताही असो, हिशेब तोच.

मग किंमत मोजावी लागेल अशी जागा कुठे आहे? माझ्या मते ती मुंबईच्या स्टुडिओत नाही, अकोल्याच्या जुन्या शहरासारख्या ठिकाणी मतदारांसमोर घेतलेल्या उमेदवारांच्या जाहीर वादात आहे. हे शहर ज्यात येतं त्या अकोला पश्चिम विधानसभा मतदारसंघात २०१९ साली गोवर्धन शर्मा अडीच हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये साजिद खान पठाण अवघ्या १,२८३ मतांनी. इतक्या मतांचा निकाल दोन-चार मोहल्ल्यांत फिरू शकतो. शर्मा यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०२३ पासून सुमारे वर्षभर इथे आमदारच नव्हता. जाहीर झालेली पोटनिवडणूक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली. इतका काळ प्रतिनिधीविना राहिलेल्या वस्तीला विचारण्यासारखं पुष्कळ होतं. २०१८च्या जानेवारीत हजारो हात लागून मोर्णा नदीची स्वच्छता झाली, 'मन की बात'मध्ये तिचं कौतुक झालं. मग नाल्यांचं सांडपाणी अडवायचं काम कोणाचं, त्याचे पैसे कुठून येणार? महानच्या धरणातलं पाणी नळाला किती दिवसांआड येईल? प्रश्न असे असले तर मुख्यमंत्री कोण होणार या गप्पांच्या आड उमेदवाराला लपता येत नाही.

आपली संसदीय पद्धत आहे, इथे व्यक्तींचे वाद कशाला, असं म्हटलं जातं. पण ब्रिटनही संसदीयच आहे, आणि २०१० मध्ये तिथे तीन पक्षनेते तीनदा समोरासमोर आले. शिवाय आपल्या मतपत्रिकेवर उमेदवाराचंच नाव असतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून याच जुन्या शहरात हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला. अशा ठिकाणी जाहीर वाद पेटवायचा का? ही भीती मी हलक्यात घेत नाही. तोंडातोंडी आरडाओरड असेल तर ती खरीच ठरेल. म्हणून कार्यक्रमाची रचनाच वेगळी हवी: प्रवक्ता नको, उमेदवार स्वतः हवा, सर्वांना तेच प्रश्न, तितकाच वेळ, आणि प्रत्येक उत्तरानंतर एक उपप्रश्न, जो निवेदक सोडणार नाही. पुढे असलेला उमेदवार येणारच नाही, हेही खरं असेल. तरी त्याच्या नावाने प्रश्न वाचले जावेत, त्याच्या वाट्याचा वेळ तसाच जाऊ द्यावा. राज्यभराच्या प्रचारात ती गैरहजेरी चार दिवसांत बुजते; १,२८३ मतांच्या लढतीत तिचा हिशेब प्रतिस्पर्धी प्रत्येक गल्लीत मांडतील.