मंडईआधी घर नवं करायचं? आधी पेटीतल्या गाद्या-सतरंज्या बाहेर काढा

गोंदिया : धानाची कापणी-मळणी सुरू झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असते. लेकी-जावई, सगेसोयरे मुक्कामाला येतात. एरवी घरात पाच-सहा माणसे झोपणारी, त्या रात्री पंधरा होतात. मग पेटीतली, माळ्यावरची अंथरुणे निघतात आणि लक्षात येते की गादीचे गोळे झालेत, सतरंजीला कुबट वास येतो, चादरी जोडीच्या नाहीत.

याच दिवसांत मोटारसायकलवर चादरी-ब्लँकेट बांधून विकणारे गावात फिरतात आणि मंडईतही दुकाने लागतात. धानाचे चुकारे कधी आलेले असतात, कधी यायचे असतात. पण पाहुण्यांपुढे घर चांगले दिसावे म्हणून घाईत खरेदी होते आणि दोन धुण्यांत चादरीचा रंग जातो. खरे तर घराचे रूप बदलायला रंगरंगोटी किंवा नवे फर्निचरच लागते असे नाही. समोरच्या खोलीतली सतरंजी, दिवाणावरची चादर, उशांचे अभ्रे आणि रात्रीचे अंथरूण एवढे नीट केले तरी घर वेगळे दिसते. त्यातले बरेचसे सामान घरातच पडलेले असते. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, एवढे कळले पाहिजे.

आधी मोजणी, मग खरेदी

एक दिवस सगळी अंथरुणे आंगणात उन्हात टाका. तीन ढीग करा. पहिला ढीग धुऊन वापरता येईल त्याचा, दुसरा दुरुस्त करता येईल त्याचा आणि तिसरा फक्त पुसणे-पायपुसणे करण्याच्या लायकीचा. बहुतेक घरांत पहिले दोन ढीगच मोठे निघतात.

मग टेप घेऊन दिवाण, पलंग, खाट मोजा. साधा एकेरी पलंग साधारण 3 फूट बाय 6 किंवा सव्वासहा फूट असतो. दुहेरी पलंग 5 किंवा 6 फूट रुंद असतो. गावच्या सुताराने केलेला दिवाण मात्र या मापात बसेलच असे नाही. 6 फुटी पलंगाला चादर साधारण 90 बाय 108 इंचांची लागते, तरच ती गादीखाली खोचता येते. 'डबल बेड' एवढेच लिहिलेली चादर न मोजता घेतली तर बाजूने गादी उघडी राहते. माप कागदावर लिहून खिशात ठेवा किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

बसलेली गादी फेकू नका, पिंजून घ्या

कापसाची गादी काही वर्षांनी बसते. धागे एकमेकांत दबतात, मधली हवा निघून जाते, म्हणून ती कडक लागते आणि ऊबही देत नाही. कापूस खराब झालेला नसतो, फक्त दबलेला असतो. पिंजला की तो पुन्हा फुलतो. पूर्वी पिंजारी धुनकी घेऊन दारोदार यायचे. आता तालुक्याच्या गावी गादीवाल्याकडे मशीन असते आणि काही जण गाडीवर मशीन घेऊन गावातही येतात.

पिंजायला देताना तीन गोष्टी पाळा. एक, खोळ उसवून कापूस आपल्यासमोर वजन करून द्या आणि भरतानाही वजन पाहा. धूळ-कचरा निघाल्याने थोडी घट येते, पण फार घट आली तर विचारा. दोन, खोळ धुऊन द्या किंवा नवी घ्या. जुन्या मळक्या खोळीत पिंजलेला कापूस भरण्यात अर्थ नाही. तीन, टाके जवळ-जवळ घालायला सांगा. टाके लांब असले की कापूस सरकतो आणि पुन्हा गोळे होतात.

नव्या स्वस्त गाद्या आणि रजयांमध्ये अनेकदा कापूस नसतोच. कापडाच्या चिंध्या दळून केलेला रंगीत भुगा किंवा पॉलिस्टरचा धागा भरलेला असतो. ओळखायची सोपी रीत आहे. आतला चिमूटभर माल काढून घराबाहेर चिमट्यात धरून जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळतो आणि त्याचा कडक काळा मणी होतो. पॉलिस्टरची रजई वाईटच असते असे नाही. ती हलकी असते, लवकर वाळते. पण कापसाच्या भावात ती घेऊ नये.

उशांसाठी तर झाडीपट्टीत आणखी एक माल आहे. काटेसावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटतात आणि रेशमासारखा कापूस उडतो. तो सूत कातायला चालत नाही, पण उशीत भरायला उत्तम. गोळा करायचा तर बोंडे फुटण्याच्या बेतात असताना, आणि बिया काढूनच भरायचा.

जुन्या साड्यांची गोधडी

सुती साडी, लुगडे, धोतर वापरून जेवढे मऊ होते, तेवढी गोधडी चांगली होते. वर-खाली चांगल्या रंगाचे कापड, मध्ये विरलेल्या कापडाचे थर आणि चारही बाजूंनी आत येत जाणारा धावदोरा, एवढीच तिची रचना. थरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब येते. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या मध्ये घालू नयेत. त्या सरकतात, घाम शोषत नाहीत.

आता गोधडी शहरात दिवाणावर टाकायची शोभेची वस्तू म्हणूनही विकली जाते. आपल्या घरी ती पेटीच्या तळाशी असते. समोरच्या खोलीतल्या साध्या एकरंगी चादरीवर पायथ्याशी एक रंगीत गोधडी घडी घालून ठेवली तरी दिवाण सजतो आणि रात्री तीच पाहुण्याला पांघरायला होते. हात चालणाऱ्या बायांना, बचत गटांना यातून मिळकतही होऊ शकते. मात्र गोधडीला दिवस लागतात. भाव ठरवताना कापड जुने म्हणून मजुरी सोडून देऊ नये.

कोणत्या जमिनीवर काय अंथरायचे

गालिचा पाहायला छान, पण आपल्याकडच्या पावसाला आणि धुळीला तो मानवत नाही. त्याच्या लवेत माती बसते, ओल राहते. सुती सतरंजीला लव नसते. दोन्ही बाजूंनी वापरता येते, झटकता येते, तलावावर किंवा बोअरवर धुता येते. एका घरासाठी एक मोठी आणि दोन लहान सतरंज्या पुरतात.

सारवलेल्या जमिनीवर सतरंजी सरळ टाकून ठेवू नका. खालून ओल चढते आणि वाळवी लागू शकते. खाली बांबूची किंवा शिंदीची चटई टाका आणि सकाळी दोन्ही उचला. खालून रबर किंवा फोम लावलेले गालिचे अशा जमिनीवर टाळाच.

नव्या घरकुलांत टाईल्स बसल्या आहेत. तिथे अडचण वेगळी आहे. गुळगुळीत फरशीवर लहान सतरंजी सरकते आणि म्हातारी माणसे पडतात. सतरंजीचे एक टोक दिवाणाच्या पायाखाली दाबा किंवा खाली सरकू न देणारी जाळी टाका. न्हाणीघराच्या दारात आणि पायरीजवळ सैल पायपुसणे नको. कोपरे दुमडले असतील तर शिवून घ्या. रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांच्या वाटेत काहीच अंथरलेले नसलेले बरे.

'सोलापुरी' म्हणून काय विकले जाते

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेले आहे. म्हणजे हे नाव सोलापूरच्याच मालाला लावता येते. पण बाजारात या नावाने नकली माल खूप फिरतो. खरी चादर सुती आणि जाड असते. तिच्यावरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते आणि मागच्या बाजूला रंग उलटे येतात. एका बाजूला नक्षी आणि मागे फिकट पांढरे असेल तर ती छापील चादर आहे. वजनाला हलकी आणि हाताला गुळगुळीत लागत असेल तर पॉलिस्टरची शंका घ्या. लेबलवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आहे का, बिल मिळते का, तेही पाहा.

हातमागाची सतरंजी किंवा चादर घ्यायची असेल तर 'हँडलूम मार्क'चे लेबल शोधा. केंद्र सरकारने ते 2006 मध्ये सुरू केले. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

रंग पक्का आहे का हे दुकानातच कळते. पांढरा रुमाल ओला करून चादरीच्या गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ती चादर पहिल्या धुण्यात बाकीचे कपडेही रंगवेल. रंग निवडताना एक साधा हिशेब ठेवा. सतरंजी नक्षीची असेल तर चादर एकरंगी घ्या आणि चादर नक्षीची असेल तर सतरंजी साधी. खोली अंधारी असेल तर फिकट रंग उजेड वाढवतात. पण मातीच्या आंगणातून पाय येणाऱ्या खोलीत जमिनीवर गडद रंगच टिकतो.

मच्छरदाणी अंथरुणाचाच भाग

पाहुणे आले की घरची माणसे खाट सोडून खाली झोपतात. इथे सजावटीपेक्षा जिवाचा विचार मोठा. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलता-गिळता येत नाही. असे झाले तर वेळ न घालवता 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालयात न्या. तिथे सापाच्या विषावरचे औषध मिळते. आवळून बांधणे, चिरा देणे, झाडफूक यात वेळ जातो आणि माणूस जातो.

मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचली तर डासांबरोबर सापही बाहेर राहतो. नेपाळच्या तराई भागात झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे दिसून आले आहे. म्हणून खाली झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाणी आधी, शोभेची चादर नंतर. खाटेवरचे पांघरूण जमिनीला लोंबकळू देऊ नका. झोपायच्या खोलीत धानाची पोती रचलेली असतील तर ती हलवा. पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

औषध लावलेली मच्छरदाणी असेल तर ती वारंवार धुऊ नका आणि सावलीतच वाळवा. कडक उन्हात तिचे औषध उतरते.

ढेकूण, धूळ आणि ओल

पावसाळाभर बंद राहिलेल्या गादीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. दमा असलेल्या माणसाला त्यांचा त्रास होतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजू तापवा, काठीने झोडपा. झोडपताना तोंडाला रुमाल बांधा. चादरी, अभ्रे गरम पाण्यात धुवा.

ढेकणांसाठी धानावर फवारायचे औषध खाटेवर किंवा गादीवर मारू नका. माणूस त्यावर सात-आठ तास झोपतो, लेकरे तोंड लावतात. तो विषारी वास नाकातोंडात जातो. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे, नवार किंवा दोरी काढून उन्हात तापवणे ही जुनी रीतच चांगली. एकदा करून भागत नाही. अंडी फुटतात म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा.

थंडीचे दिवस

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वात थंड ठिकाणांत गोंदियाचे नाव येते. एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणे जास्त ऊब देतात, कारण मध्ये हवा राहते. खाली झोपणाऱ्याला वरून जेवढे पांघरूण लागते, तेवढेच खालूनही अंथरूण लागते. गारवा जमिनीतून येतो. पॉलिस्टरचे मऊ ब्लँकेट पांघरून शेकोटीजवळ बसू नका. ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते. तान्ह्या बाळाला पाठीवर झोपवा, त्याच्या भोवती मऊ उशा रचू नका आणि तोंडावर रजई येऊ देऊ नका.

पैसे कमी असतील तर क्रम असा

आधी मच्छरदाण्या पुरेशा करा. मग जुन्या गाद्या पिंजून घ्या. मग धुणे आणि गोधडी शिवणे. त्यानंतर समोरच्या खोलीसाठी एक चांगली सुती सतरंजी घ्या. दिवाणाच्या नव्या चादरी आणि अभ्रे सगळ्यात शेवटी, आणि तेही जोडीने दोन, म्हणजे एक धुवायला गेली तरी दुसरी अंगावर राहते. गादी पिंजायला मंडईच्या आठवड्यात देऊ नका. तेव्हा सगळ्यांचीच घाई असते. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी दिलेली गादी पाहुण्यांच्या आत घरी येते.