मामाचे प्रवाळ आणि माझा लक्समीटर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख लिहितेय म्हटल्यावर रूममेट आधी पाच मिनिटं हसली आणि मग बिचारीने सगळे ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिले. तरीही काही राहिलं असेल तर चूकभूल द्यावी घ्यावी. पण खरी कबुली ही नाहीच. खरी कबुली अशी, की एका चुकीच्या भागाकाराने मी माझ्या मामाचे प्रवाळ जवळजवळ मारले होते. तो भागाकार आपल्यापैकी कोणीही करू शकेल, म्हणून हा लेखनप्रपंच!

माझा मामा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याच्या हॉलमध्ये ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच अशी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. साधारण दीडशे लिटर पाणी. त्यात दोन क्लाऊनफिश आणि थोडे जिवंत प्रवाळ. मी एस.ई.ला असताना दिवाळीच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "अगं, तू ई अँड टीसीवाली ना? टाकीवर लाईट कुठला लावू ते सांग. दोनशे डॉलरच्या वर गेलो तर मामी मला टाकीसकट बाहेर ठेवेल." घरात इंजिनिअर होऊ घातलेली भाची असली की तिला मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं विचारतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मीही ऐटीत म्हटलं, "त्यात काय, सांगते."

मुळात प्रवाळाला लाईट कशाला लागतो? प्रवाळ म्हणजे आजीच्या अंगठीतलं पोवळं एवढंच मला माहीत होतं. पण ते लाल पोवळं समुद्राच्या अंधाऱ्या भागात वाढणारं आहे, त्याला उजेडाची गरज नसते. मामाकडचे प्रवाळ उथळ, उबदार पाण्यातले. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. प्राणी राहायला जागा देतो आणि शैवाल प्रकाशसंश्लेषण करून अन्न देतं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा याच शैवालाकडून येतो. थोडक्यात, शैवाल म्हणजे प्रवाळाची मेस आणि उजेड म्हणजे त्या मेसचा गॅस. गॅस कमी पडला तर उपासमार. आणि जास्त झाला तर? ते पुढे येईलच.

आता निवड. मामासमोर तीन पर्याय होते. पहिला मेटल हॅलाईड, म्हणजे स्टेडियमवर असतात त्या जातीचा दिवा. उजेड झकास, पण अडीचशे वॉट खातो आणि पाणी तापवतो. दुसरा टी-फाईव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाईट. तीन फुटी नळी ३९ वॉटची, अशा चार नळ्या. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या कमी पडतात. पण नळ्यांचा उजेड हळूहळू उतरत जातो, म्हणून वर्षभरात त्या बदलाव्या लागतात. तिसरा एलईडी. त्यात नामांकित दिवे चारशे-पाचशे डॉलरच्या घरात. मात्र काळ्या पेटीसारखे दिसणारे साधे दिवेही मिळतात. त्यात तीन-तीन वॉटचे पंचावन्न एलईडी आणि दोन बटणं असतात, एक निळ्याचं आणि एक पांढऱ्याचं. मामाला असा दिवा सव्वाशे डॉलरला मिळत होता.

आपण इंजिनिअर, तेव्हा हिशोब केला. दिवसाला नऊ तास दिवा आणि युनिटला १८ सेंट धरले. मेटल हॅलाईड महिन्याला साधारण ६८ युनिट, म्हणजे बारा डॉलर. टी-फाईव्ह ४२ युनिट, म्हणजे साडेसात डॉलर. काळ्या पेटीवर १६५ वॉट लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात ती पूर्ण जोरावरही सव्वाशेच्या आतच ओढते, आणि मामाच्या टाकीला पूर्ण जोराची गरजच नव्हती. ८० वॉट धरले तर २२ युनिट, म्हणजे चार डॉलर. शिवाय दर वर्षी नळ्यांचा खर्च नाही. पेटी जिंकली! इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, हे कृपया नोंदवून घ्यावे.

दिवा आला, टांगला. मामाने दोन्ही बटणं मध्यावर ठेवली आणि विचारलं, "आता पुरेसा आहे का गं?" मी फोनवर लक्समीटरचं ॲप टाकायला सांगितलं. मामाने फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून मधल्या दगडाजवळ धरला. आकडा आला २३०० लक्स.

प्रवाळासाठी लक्स नव्हे तर 'पार' मोजतात, हे मी वाचलं होतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात, ते म्हणजे पार. एकक मायक्रोमोल. भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो. छंद जोपासणाऱ्यांच्या अनुभवानुसार मश्रूम आणि झोअँथिड या प्रवाळांना ५० ते १००, हॅमर जातीला ८० ते १५० आणि फांद्याफांद्यांच्या ॲक्रोपोराला २०० ते ३५० पार लागतो. मामाकडे पहिले तीन होते. पारमीटर महाग, पण लक्सला ५४ ने भागलं की पार मिळतो असं मला कळलं होतं. २३०० भागिले ५४, उत्तर ४३. "मामा, उजेड फारच कमी आहे. दोन्ही बटणं पूर्ण फिरव!"

मामाने फिरवली. आठवड्याभरात मश्रूम आक्रसून सुपारीएवढे झाले. हॅमरचा सोनेरी-तपकिरी रंग उडाला आणि मामाने पाठवलेल्या फोटोत तो काचेसारखा पारदर्शक दिसायला लागला. मामा रागावला नाही. "बघ ना, काय झालं असेल?" एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं.

काय झालं होतं? तो ५४ चा आकडा उन्हासाठी आहे, निळ्या एलईडीसाठी नाही! लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो त्या मानाने जेमतेम चार टक्के भाव देतो. गणित केलं तर ४५० नॅनोमीटरला एक मायक्रोमोल म्हणजे फक्त सात लक्स होतात, आणि ५५५ ला तब्बल १४७. म्हणजे निळ्या दिव्याखाली लक्समीटर म्हणतो "अंधार आहे", तेव्हा शैवालाची मेजवानी चालू असते. कारण त्याच्यातलं हरितद्रव्य निळा प्रकाश छान शोषतं. समुद्रातही तसंच आहे. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच पाण्यात जिरतो, निळा खोलवर जातो. प्रवाळाचं शैवाल त्या निळ्यावरच पोसलेलं.

मामाच्या तिथल्या मत्स्यप्रेमींच्या क्लबमध्ये पारमीटर सभासदांना आळीपाळीने वापरायला मिळतो. तो आणून मोजलं. बटणं मध्यावर असताना त्याच दगडावर पार १४० होता, म्हणजे अगदी योग्य. माझ्या सल्ल्यानंतर तो झाला होता ३३०! उजेड मर्यादेबाहेर गेला की शैवालाची यंत्रणा कोलमडते, त्यातून तयार होणारी घातक ऑक्सिजनची रूपं पेशींना जाळू लागतात आणि प्रवाळ आपल्याच अन्नदात्याला बाहेर टाकतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, पण त्याचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

मग आम्ही निळा ३५ टक्के आणि पांढरा १० टक्क्यांवर आणला, आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत मूळ जागेवर नेला. रंग परतायला अडीच महिने लागले. हॅमरच्या तीन तोंडांपैकी एक मात्र गेलंच. त्याचा पांढरा सांगाडा मामाने अजून टाकीत ठेवला आहे. तो म्हणतो सजावटीला, पण मला माहीत आहे तो कोणासाठी आहे!

या धड्यातून निघालेले काही नियम सांगते. एक, पेटीवरचे वॉट म्हणजे दिवा किती खातो ते, देतो किती ते नव्हे. दोन, केल्विनचा आकडा फक्त रंगछटा सांगतो. आपल्या ट्यूबच्या खोक्यावर ६५०० केल्विन असतं, प्रवाळांच्या दिव्यांवर १४००० ते २०००० पर्यंत, पण त्यावरून उजेडाचं प्रमाण कळत नाही. तीन, मोजायचं ते प्रवाळ बसलाय त्या जागी. एका पेटीखाली टाकीचा मध्य झगझगीत आणि टोकं मंद असतात. हा दोष नव्हे, सोय समजावी. जास्त उजेडवाला प्रवाळ मध्ये वर, मश्रूम कडेला खाली. चार, नवा दिवा कमी जोरावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवावा. उजेड कमी पडला तर प्रवाळ काही आठवडे तग धरतो, जास्त झाला तर काही दिवसांत पांढरा पडतो. म्हणून चूक करायचीच असेल तर कमीच्या बाजूला करावी. पाच, खारं पाणी आणि वीज यांचं वैर आहे. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकेल आणि सॉकेटमध्ये जाणार नाही. गळती होताच वीज तोडणारा स्विच तर हवाच.

हे ऐकून आमच्या मजल्यावरच्या दोघीतिघींनी "आपणही टाकी ठेवू या, रेक्टर मॅडमना सांगायचं नाही" असा ठराव मांडला. त्यांना आणि तुम्हालाही सांगते, आपल्याकडे खडक बांधणारे सगळे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला! ते काढणं, विकणं गुन्हा आहे. तेव्हा हॉस्टेलवर हा प्रयोग नको. हौस असेल तर गोड्या पाण्यातल्या वनस्पतींची टाकी करा, मोजण्याचे नियम तेच.

आणि खरे प्रवाळ बघायचे तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळपठारही आहे. टाकीत मी उजेडाने जे केलं, तेच समुद्रात तापलेलं पाणी करतं, आणि तिथे प्रखर ऊन त्यात भर घालतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर केलं. मामाकडे निदान फिरवायला बटण होतं.

परवा व्हायव्हाला सरांनी विचारलं, "इन्स्ट्रुमेंट निवडताना पहिली गोष्ट काय बघाल?" बाजूची म्हणाली रेंज, दुसरी म्हणाली ॲक्युरसी. मी म्हटलं, "सर, ते कोणासाठी मोजतं ते." सर दोन सेकंद बघत राहिले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न." मार्क अजून कळलेले नाहीत!