बातमी, जाहिरात आणि बियाण्याची पिशवी : एका संहितेच्या प्रकारबदलाचा विचार

प्रसारमाध्यमे ग्राहकाला घडवितात, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी घडते याचा शोध बहुधा घेतला जात नाही. थिओडोर अडॉर्नो आणि मॅक्स होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात ‘संस्कृती-उद्योग’ ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने चित्रपट, नभोवाणी आणि नियतकालिके होती. विदर्भातील एका उदाहरणाच्या आधारे या प्रक्रियेचा भाषिक अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील बीबी हे लोणार तालुक्यातील गाव मेहकर-जालना मार्गावर वसलेले आहे. याच मार्गावरील जालना येथे १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन झाली. मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या तिच्या बीटी कापसाच्या वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली. हे बियाणे संकरित असल्याने दर हंगामात नव्याने विकत घ्यावे लागते. परिणामी या भागातील कापूस-उत्पादक हा उत्पादक असण्याआधी ग्राहक ठरतो. घरची सरकी राखून पेरणारा शेतकरी स्वतःच्या अनुभवावर विसंबत असे. पिशवीतील सरकीचा गुण मात्र डोळ्यांनी पारखता येत नाही. तेथे त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. आणि माध्यमांचा शिरकाव होतो तो नेमका याच ठिकाणी.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या नागपूर आवृत्तीत यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांविषयी पानभर वृत्तांत प्रसिद्ध झाला. बीटी कापसामुळे या गावांचा आर्थिक व सामाजिक कायापालट झाला असून तेथे आत्महत्या होत नाहीत, असा त्याचा आशय होता. २८ ऑगस्ट २०११ रोजी हाच मजकूर त्याच वृत्तपत्रात पुन्हा अवतरला. परंतु आता तो ग्राहक-संपर्काच्या उपक्रमाचा, म्हणजेच विपणनाचा भाग होता. मार्च २०१२ मध्ये कृषिविषयक संसदीय स्थायी समिती भांबराजा येथे गेली, तेव्हा गावात १४ आत्महत्या झाल्याचे ग्रामस्थांनी सांगितले. पी. साईनाथ यांनी १० मे २०१२ च्या ‘द हिंदू’मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले. २००३ ते २००९ या काळातील ९ आत्महत्यांची त्या वृत्तपत्राने खातरजमा केली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक मूलभूत प्रश्न दिसतो. शब्द तेच राहिले असता संहितेचा प्रकार बदलला, तर तिचा अर्थ तोच राहतो काय? वाङ्मयप्रकार हा लेखक व वाचक यांच्यातील एक अलिखित करार असतो. कादंबरी वाचताना आपण घटनेच्या सत्यतेचा पुरावा मागत नाही; जाहिरात वाचताना आपण सावध असतो; बातमीला मात्र सत्यतेचे श्रेय आधीच देऊन टाकतो. बातमीचा वेश धारण केलेली जाहिरात हे श्रेय उसने घेते. येथे केवळ खोटे बोलणे एवढेच घडत नाही. वाचकाची सावधगिरीच अगोदर काढून घेतली जाते.

अशा संहितेची कथनरीतीही लक्षणीय असते. तिच्यात गावाचे नाव असते, म्हणून ती स्थानिक वाटते. शेतकरीच साक्षीदार असतो, म्हणून विक्रेत्याचा आवाज ऐकू येत नाही. आणि आकडे असतात, म्हणून ती शास्त्रीय भासते. या तिन्ही घटकांहून प्रभावी असते ते मौन. कोरडवाहू जमीन, सिंचनाचा अभाव, वाढता उत्पादनखर्च आणि कर्ज यांना अशा कथेत सहसा स्थान नसते.

बीटी तंत्रज्ञानाने आरंभीच्या वर्षांत बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पुढे गुलाबी बोंडअळीत त्यास प्रतिकारक्षमता निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाचे मोठे नुकसान झाले, हेही तितकेच खरे. तंत्रज्ञानाचा निवाडा कृषिशास्त्र करील. भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा आहे: निर्णय घेण्यासाठी आवश्यक असलेली शंका घेण्याची संधी ग्राहकाला मिळाली होती काय?

या दृष्टीने पाहता माध्यमसाक्षरता हा मराठीच्या अध्यापनाबाहेरचा विषय राहत नाही. निवेदक कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो आणि काय सांगण्याचे टाळतो, हे प्रश्न आपण कथेला नित्य विचारतो. तेच प्रश्न वृत्तपत्राच्या पानाला विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावणे अगत्याचे आहे. कारण ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी पुढच्या मृगात कोणती पिशवी आणावयाची, हा निर्णय अशाच एखाद्या पानावर अवलंबून असू शकतो.